फरशी गार आहे म्हणे

— अहो, बूट आत्तापासून काय काढून बसलात? घाला, घाला परत. आत एक गृहस्थ आहेत, ते बाहेर आले की मी, आणि माझ्यानंतर तुम्ही. म्हणजे बराच वेळ आहे. आणि बूट काढायचं सिस्टर स्वतः सांगतात, मोजेसुद्धा काढायला लावतात — मोजा फाटका असेल तर मात्र इथंच काढून खिशात कोंबा. मागच्या खेपेला एक साहेब आले होते, टाय काय, कडक इस्त्री काय, आणि मोज्यातून अंगठा असा बाहेर डोकावतोय, सगळ्यांची चौकशी करत. दार नुसतं लोटलेलं असतं हो, दिसतं सगळं. बाकावरच्या आम्ही सगळ्यांनी माना फिरवल्या — मी जरा उशिरा फिरवली. तेव्हा घाला बूट. फरशी गार आहे म्हणे. सगळे म्हणतात.

पहिल्यांदाच आलात ना? ओळखलं मी. पहिल्यांदा येणारा माणूस असा बाकाच्या कडेला बसतो, म्हणजे कुणी ओळखीचं दिसलं तर ‘चुकून या मजल्यावर आलो’ म्हणत उठून जाता येतं. घरी काय सांगून आलात? — दात? दात दाखवायला जातो म्हणून? वा! पाय घेऊन यायचं आणि नाव दाताचं सांगायचं. आणि बायकोने घरी गेल्यावर आ करा म्हटलं तर? काही नाही, सहज विचारलं. तुमचा प्रश्न. तुम्हालाही तेच ना? — अहो लाजता काय, या मजल्यावर दुसरं मिळतं काय? एचआयव्ही. घ्या, म्हटलं मी मोठ्याने. पडलं का छत? मी त्याला पाहुणा म्हणते. रोज एक गोळी चारली की झोपून असतो, रक्तात शोधला तर सापडतसुद्धा नाही, असं म्हणतात. माझ्याकडे कसा आला विचाराल — सगळ्यांना विचारायचं असतं, विचारत कुणी नाही. आमचे हे शिवणाची मशिनं दुरुस्त करत फिरायचे. सुया, पट्टे, तेलाची बाटली, सगळं एका पेटीत, आणि महिना महिना घराबाहेर. मी आपली कटकट करायचे, की इतके हिंडता, पण बायकोसाठी कधी काही आणत नाही. आणलं होतं की. मला कळायला उशीर झाला एवढंच. गेले बिचारे, आणि मागे दोन वस्तू ठेवून गेले, एक शिवणाचं मशीन आणि एक हा पाहुणा. दोन्ही अजून चालू आहेत. माणसाचा हात होताच तसा, त्यांनी हात लावलेली वस्तू बंद पडायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, पाहुणा झोपलाय तर मग पायाची परीक्षा कशाला? मीही हेच विचारलं. आत त्या छोट्या डॉक्टरीणबाई आहेत ना — छोट्या म्हणजे वयाने, डोकं मोठं आहे — त्या म्हणाल्या, आजी, तो झोपला तरी झोपेत कूस बदलतो, आणि कूस बदलताना नसा कुरतडतो. सगळ्यांत लांबच्या आधी. म्हणजे पायाच्या बोटांच्या. मग तळवा, मग घोटा, असा मोजा चढवल्यासारखा वर येतो. सुरुवातीला माणसाला कळतच नाही म्हणे, म्हणून आम्ही शोधत बसतो. वेळेवर सापडलं तर गोळी बदलून बघता येते, काळजी घेता येते, पुढचं नुकसान टळू शकतं. गेलेलं मात्र परत येईलच असं नाही. उसवलं तर टाका घालता येतो, कापडच विरलं तर टाका धरणार कशाला — हे त्या नाही म्हणाल्या, हे माझं. माझा धंदा तोच ना, उसवायचं आणि पुन्हा शिवायचं. माणसं जाड होतात, बारीक होतात, कपडे माझ्याकडे येतात. कुणाचं काय चाललंय ते मला त्यांच्या कमरेवरून कळतं.

तर परीक्षा. मी काही शाळेची पायरी चढलेली बाई नाही. ही एकच परीक्षा माझ्या वाट्याला आली, आणि हिच्यात मी दरवेळी पहिली! डॉक्टरीणबाई कागदावर लिहितात, ‘संवेदना उत्तम’ — सून वाचून दाखवते. तुम्हाला सांगते कसं करायचं ते. बसल्याबसल्या शिकून घ्या, पुढच्या खेपेला तुम्ही दुसऱ्याला शिकवाल. आधी एक लोखंडी चिमट्यासारखं असतं, दोन पायांचं. ते तळहातावर आपटतात, ते गुणगुणायला लागतं, आणि मग त्याचा दांडा पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवतात. डोळे मिटा, थरथर जाणवतेय का, थांबली की सांगा. आता डोळे मिटायचे — पण पापण्या चिकटवायच्या नाहीत. दोन्हीत फरक आहे. आणि थांबली कधी हे कसं कळायचं? तर आधी नमुना म्हणून ते मनगटाला लावून दाखवतात, तेव्हाच माप घेऊन ठेवायचं. मी मनातल्या मनात एक बाही घेते, कडेला दुमड मारत जाते, गोल फिरून शिवण शिवणीला मिळाली की चिमटा थांबतो. मोठ्या माणसाची बाही हं, लहान पोराची घेतलीत तर लवकर संपेल. मग अंगठ्यावर टेकवला की तीच बाही परत. जरा अलीकडेच ‘थांबली’ म्हणायचं. वय झालंय असं वाटलं पाहिजे ना! अगदी बरोबर सांगितलं की माणसाला संशय येतो.

मग दोरा. नायलॉनचा, मासे पकडायच्या दोरीसारखा, दांडीला लावलेला. तो तळव्याला टोचतात, वाकेपर्यंत. टेकला की ‘हो’ म्हणायचं. आता दोऱ्याच्या बाबतीत मला कोण फसवणार? डॉक्टरीणबाईंचं स्टूल चाकांचं आहे, त्या पुढं झुकल्या की कुरकुरतं. कुरकुरलं, ‘हो’. कुरकुरलं, ‘हो’. एकदा त्या पडलेलं पेन उचलायला वाकल्या, आणि मी ‘हो’ म्हणून मोकळी. त्या म्हणाल्या, आजी? मी म्हटलं, हो म्हणजे, हो, ऐकतेय मी, तुम्ही करा तुमचं. मग टोकेरी का बोथट ते विचारतात. तिथं आवाजाकडे लक्ष ठेवायचं. टोकेरी असलं की त्यांचा आवाज मऊ होतो, ‘आणि हे, आजी?’ — बाळाला सुई टोचताना बोलतात ना, तसा. बोथट असलं की नुसतं ‘हे?’ फार चांगल्या मनाची मुलगी. चांगल्या मनाच्या माणसाला फसवायला काहीच कष्ट पडत नाहीत, तेवढं एक वाईट वाटतं.

फक्त ती रबरी हातोडी जड जाते. घोट्यामागे मारतात आणि पाय आपोआप उडाला पाहिजे म्हणतात. माझा उडत नाही, म्हणून मी उडवते. एकदा माझी जरा घाई झाली. त्या म्हणाल्या, ‘आजी, मी अजून मारलंच नाही.’ मी म्हटलं, ‘बाई, तुमच्या मनात आलं तेवढं मला पुरे, इतक्या जाग्या आहेत माझ्या नसा!’ हसल्या. हसताना लिहायचं विसरतात — काय म्हणालात? उडत नाही असं म्हटलं मी? छे, उडतो. उडतो हो. वयाने जरा सावकाश उडतो.

पाय वर घ्या, पाय वर घ्या, सफाईवाल्या मावशी आल्या. का हो मावशी, कुणावर एवढ्या चिडलात? — ऐकलंत? लिफ्टपासून त्या पाण्याच्या पिंपापर्यंत आणि तिथून पुन्हा इकडं, कुणीतरी लाल ठिपके सांडत गेलंय. सरबत असेल. नाहीतर पोरांच्या हातातली ती लाल बर्फाची कांडी. मी आत्ताच पाणी पिऊन आले, मला नाही बाई काही दिसलं. माणसं चालताना खाली म्हणून बघत नाहीत, आपल्या मागे काय पडतंय याचा पत्ता नसतो, आणि पुसायचं कुणी? मावशींनी. शिस्तच राहिली नाही. पुसा मावशी, माझ्या पायाखाली पण एक फडकं मारून घ्या.

कुठं होते मी? हां — तर तुम्ही म्हणाल, म्हातारे, एवढी खटपट कशासाठी? नापास झालीस तर काय, फासावर देणार आहेत? फासावर नाही. पाळणाघरात. मला नव्हे हो, ढमीला! ढमी म्हणजे माझी नात. खरं नाव लांबलचक आहे, ते मोठेपणी लागेल तिला, आत्ता ढमीच. नुकती रांगायला लागलीय, आणि रांगते म्हणजे काय, जमिनीवरचा प्रत्येक दोरा, प्रत्येक बटण आधी तिच्या तोंडात जातं, मग मला सापडतं. सोमवारपासून सूनबाई कामावर परत जायच्या आहेत. मग ढमी कुणाकडे? सूनबाई म्हणाली — तशी गोड बोलते ती, गोड बोलून कापते — म्हणाली, ‘आई, डॉक्टर म्हणाल्या पाय चांगले आहेत, तर ढमी तुमच्याकडेच. नाहीतर पाळणाघर बघून ठेवलंय. त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही.’ वाईट वाटून घ्यायचं नाही! मग वाटलेलं वाईट ठेवायचं कुठं, ते नाही सांगितलं. आणि हे सगळं कशावरून, तर एकदा मी दुकानातून आले, एका पायात सपात आणि दुसरा पाय मोकळा. एक सपात जिन्यातच राहिली होती. आता राहते एखाद्याची. विसरतं माणूस. तिने मात्र ती सपात हातात धरून माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी जिन्यात पायच विसरून आले.

खाली औषधाच्या खिडकीशी आहे ती, ढमीला घेऊन. येईलच वर. आली की तुम्ही आपले दातासाठी आलेले गृहस्थ, आणि आपण हवापाण्यावर बोलत होतो. कळलं ना?

आज तर सकाळच्या भांडणापासून तिच्याशी बोललेलीच नाही मी. एक पायजमा उसवायला घेतला होता, घाईचा, गिऱ्हाईक दारात उभं. तर माझं ब्लेड गायब. उसवायचं ब्लेड हो, दाढीच्या पात्याचं अर्धं, मी मशीनच्या कडेला ठेवते, कायम तिथंच ठेवते. खाली शोधलं, मांडीवर शोधलं, पायजम्यात शोधलं. नाही. म्हटलं सूनबाईंनीच आवरलं असणार, तिला ते दिसलं की ती उचलते, ‘ढमी रांगते आई, ढमी रांगते.’ अगं, मला काय ढमी रांगते ते दिसत नाही? विचारलं तर म्हणते, ‘मी हात लावलेला नाही.’ म्हणजे काय ब्लेडला पाय फुटले? बोलले मी चार शब्द. पाच असतील. मग पायजमा कात्रीने उसवला, कापड ओढलं गेलं, गिऱ्हाईक नाराज, इथं यायला उशीर, पायात सापडल्या त्या सपाता चढवल्या आणि निघाले. घरातल्याच आहेत या. मीच शिवल्यात, एका बंगल्याच्या पडद्याची तांबडी मखमल उरली होती तिच्या, आत दुहेरी अस्तर. मऊ आहेत की नाहीत ते — मऊ असणारच. मखमल आहे.

आणि तुमचं काय म्हणणं आहे पायाचं? — आग होते? चादर लागली तरी? नुसती चादर? आणि मुंग्या. हं. हे आत बोलू नका हं मुळीच. बोललात की लिहिलंच, आणि लिहिलं की ते तुमच्या मागे लागलं, मग हे तपासा, ते तपासा. मला नव्हत्या का मुंग्या? खूप होत्या. रात्री पाय पाण्यात बुडवून बसायचे. कुणाला काही सांगितलं नाही, आणि बघा — गेल्या! आपोआप गेल्या. आग गेली, मुंग्या गेल्या, टोचणी गेली. आता तर कसं, कुठंही चालले तरी खाली गालिचा अंथरल्यासारखं वाटतं. दगड असो, खडी असो, आपला गालिचा. म्हातारपणी राणी झाले मी, फुकटात. तुम्हीही जरा दम धरा, तुमच्याही जातील. — काय झालं? असे का बघताय? चांगलीच गोष्ट आहे ना, दुखायचं थांबलं तर? दुखायचं थांबावं म्हणूनच माणसं दवाखान्यात येतात, दुखायचं थांबलं म्हणून आलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

मशीन तेवढं हल्ली वेड्यासारखं पळतं. विजेचं आहे ना, पायाखाली पॅडल असतं, हलका पाय ठेवला की हलकं चालायला पाहिजे. पण मी हलका ठेवते आणि ते सुसाट सुटतं. मिस्त्रीला दोनदा बोलावलं, तो म्हणाला मशीन ठीक आहे, आजी. आमचे हे असते तर सांगितलं असतं त्यांनी काय बिघडलंय ते.

आणि आंघोळ! सूनबाईंनी ढमीच्या आंघोळीसाठी काय आणलं असेल? मासा. प्लॅस्टिकचा मासा, पिवळा. तो पाण्यात सोडायचा आणि मासा आकडा दाखवतो, पाणी किती गरम ते. मी म्हटलं, मी एवढी पोरं न्हाऊ घातली, माझं, जावेचं, शेजारणींची, आणि आता मला मासा शिकवणार? आमची रीत काय, पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, पोराला पायांवर पालथं घ्यायचं. आणि पोराच्या अंगावर पाणी घालायच्या आधी पहिला तांब्या आपल्या पायांवर ओतायचा. आपल्या पायाला सोसलं की पोराला सोसतं. झालं. यात मासा कुठं आला? मी तो मासा बटणांच्या डब्यात तळाशी घालून टाकला, ती अजून शोधतेय. परवाचीच गोष्ट सांगते. तसंच घेतलं ढमीला, तसाच पहिला तांब्या माझ्या पायांवर ओतला, छान वाटलं, म्हणजे काही वाटलं नाही, म्हणून दुसरा तिच्या पाठीवर घातला — तर काय किंचाळली कार्टी! अशी आखडली, पाय पोटाशी घेतले. मी म्हटलं झाली का नाटकं सुरू, आईवर गेलीय. सून धावत आली. मी म्हटलं, काही नाही गं, साबण गेला डोळ्यात. पाठ जरा लाल झाली होती. संध्याकाळपर्यंत उतरली. पुष्कळशी उतरली. अंगच नाजूक आहे तिचं, आणि पाणी काही — माझ्या पायाला तर —

पाणी गरम नव्हतं.

आता काय? मघापासून माझ्या पायांकडे काय बघताय? सपाता आवडल्या? मखमल उरलीय अजून, देईन शिवून तुमच्या — काय? कुठं? छे हो, तो रंगच तांबडा आहे, सांगितलं ना पडद्याचा. ओलं? ओलं कशाने असेल, पाणी प्यायला गेले तेव्हा सांडलं असेल. खाली? फरशीवर? ते तर मावशींनी आत्ताच पुसून — थांबा. तुम्ही वाकू नका. तुम्ही हात लावू नका. मी बघते.

हे बघा.

सापडलं की. सकाळपासून शोधतेय. सूनबाईंनी नव्हतं उचललं. बिचारीने हातसुद्धा नव्हता लावला. मशीनवरून सरळ सपातेत पडलं असणार, आणि मी वरून पाय घातला. बघा कुठं जाऊन बसलंय. अर्ध्याहून जास्त आत आहे. मी घरून निघाले, जिना उतरले, बसथांब्यापर्यंत चालत आले, बसमध्ये उभी होते अख्खा रस्ता — एका मुलीने उठून जागा दिली तर मी म्हटलं, बस गं बाई, माझे पाय चांगले आहेत. असं म्हटलं मी. सगळी बस ऐकत होती. — नाही. दुखत नाही. खरंच नाही दुखत. हात लावला तरी नाही. तुमच्याच तोंडावर दुखल्यासारखं दिसतंय, माझं काय दुखणार.

मावशी! अहो मावशी, थांबा, ते फडकं टाका तिथंच. सरबत नाही ते. माझं आहे. हातात रबरी मोजे घाला आधी आणि मघाचे हात साबणाने धुऊन या — पाहुणा झोपलेला असतो म्हणतात, तरी धुवा. मघाशी शिस्त कुणाला नाही म्हणाले मी? हां. ती मीच.

पायाला सोसलं की पोरीला सोसतं. दादा, कुणाच्या पायाला हो?

आणि ती रांगते. हे पातं सपातेत पडलं म्हणून बरं. माझ्या पायात आलं म्हणून बरं. शेजारीच पडलं असतं तर मी त्याच्यावर पाय ठेवून गालिचा समजले असते आणि पुढे गेले असते, आणि मागून ती — नको. बोलतच नाही.

आली बघा लिफ्ट. ती चष्मेवाली, तीच. — अगं थांब, तिथंच थांब, इकडं ओलं आहे. काही नाही, जरा कापलंय. ओरडू नकोस, दवाखान्यातच आहे मी, घरी असते आणि ओरडली असतीस तर चाललं असतं. ब्लेड सापडलं माझं, सपातेत होतं. हो. सकाळचं बोलले ते — ते राहू दे आता. नको, नको, माझ्याकडे नको देऊस तिला. झेप कशी घेतेय बघा कार्टी, दोन्ही हात पुढं करून! नाही गं ढमे, आजीकडे नाही. रडू दे, रडू दे तिला, मला रडायला येणार नाही एवढं बघ. आणि ऐक, तुझा तो मासा बटणांच्या डब्यात आहे. तळाशी. घरी गेलीस की काढ. का म्हणजे? आंघोळीला लागेल ना. आणि तिची पाठ एकदा डॉक्टरीणबाईंना दाखव. परवा साबण नव्हता गेला डोळ्यात. नंतर सांगते. नाही, नंतर नाही, आत येतेस ना माझ्याबरोबर, आतच सांगते, दोघींना एकदमच. पाळणाघरवाल्यांना फोन करून ठेव. — अगं, वाईट वाटून नाही घेतलं. तूच म्हणालीस ना घ्यायचं नाही.

आले हो सिस्टर, आले. एका पायाने येते. सपात राहू दे इथंच. मला ठाऊक आहे या वेळी कुठं राहिली ते.

आणि तुम्ही, दादा. मी शिकवलं ते सगळं विसरा. ती बाही, ते स्टूल, सगळं. डोळे मिटा म्हणाल्या की पापण्या घट्ट चिकटवा, आणि नाही कळलं तर नाही म्हणा. मी आज तेच करून बघणार आहे, जमतंय का. चादर लागली तरी आग होते म्हणालात ना, ते आत गेल्या गेल्या सांगा, नमस्कार करायच्याही आधी. आग होतेय तोवर काहीतरी शिल्लक आहे तुमच्याकडे. दम बिम धरू नका. म्हातारीचं काय ऐकता. — आणि बूट काढा. हो, मघाशी घाला म्हटलं, आता काढा म्हणते, आमचं असंच असतं. मोजेसुद्धा. फाटका आहे? असू दे, मी नाही बघत. टेका पाय. इथं नको, तिकडं, कोरडं आहे तिथं. टेकलात?

गार आहे?

खरंच? किती गार? — बास, बास, कळलं. एवढं सांगायला नको होतं. चला, सरका आता, जाऊ द्या मला.